सोयरीक मोडण्यास पुरेसे कारण

दिवाणी न्यायालयातून नाझर म्हणून निवृत्त झाल्यापासून मी पत्रे लिहितो. उभी नोकरी दुसऱ्यांच्या कागदांची बजावणी करण्यात गेली. कुणाच्या दारावर समन्स डकव, कुणाच्या बैलजोडीवर जप्ती आण, असे ते काम होते. आता माझे स्वतःचे कागद दुसऱ्यांच्या दारी जातात. गेल्या काही वर्षांत त्यांतले बहुतेक एकाच विषयावर गेले आहेत: मोबाईलवर दिवसरात्र चालणारे लढाईचे खेळ आणि त्यांत वाया जाणारी धडधाकट माणसे.

जिल्हा प्रशासनाला लिहिले. तिथून माझा अर्ज 'उचित कार्यवाहीसाठी' अशा एका कार्यालयाकडे गेला, ज्याचा संबंध मत्स्यव्यवसायाशी आहे. खेळ चालवणाऱ्या कंपनीला लिहिले. तिने मात्र विलक्षण तत्परता दाखवली. 'प्रिय खेळाडू, तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे,' असे उत्तर त्याच दिवशी आले. आयुष्यात गोट्याही न खेळलेल्या माणसाला ही पदवी बहाल करून कंपनीने पुढे विचारले होते की, या उत्तराला आपण किती तारे द्याल? मला एकही द्यायचा नव्हता. पण तशी तरतूदच नव्हती. किमान एक तारा देणे बंधनकारक होते. ज्याच्याविरुद्ध तक्रार केली त्याचा थोडा तरी गौरव केल्याशिवाय तक्रार पुरी होत नाही, ही पद्धत मी न्यायालयातही पाहिली नव्हती.

मग पैसे लावून खेळायच्या खेळांवर कायद्याने बंदी आली. मी तो कायदा मागवून घेतला, चष्मा पुसला आणि पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत वाचला. आमच्या घरात चालणारा खेळ त्यात कुठेच बसेना. त्याला पैसे लावावे लागत नाहीत. माणूस लावला की पुरते.

आमचे घर धर्मापुरीच्या पुढे. खेळणारी व्यक्ती म्हणजे माझी नात. औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतलेली, परळीला औषधांच्या दुकानात नोकरी करणारी, संध्याकाळच्या एसटीने परतणारी. चहाचा कप खाली ठेवला की ही सुशिक्षित मुलगी ओट्यावर मांडी घालून बसे आणि कानात इअरफोनची बोंडे घालून अज्ञात लोकांना गोळ्या घालू लागे.

"आता बास कर की."

"थांबा ना आबा, नॉक झालेय."

"काय झालीस?"

"नॉक. तुमी रोज दोन-दोन तास पत्रं लिहिता, मी कधी काय म्हनते का?"

व्याख्यांशिवाय तक्रार लिहिता येत नाही, म्हणून मी तिला समोर बसवून एकेका शब्दाचा अर्थ विचारून घेतला. 'नूब' म्हणजे नवशिका. 'रँक' म्हणजे खेळाडूची पायरी; जगला तर चढतो, मेला तर घसरतो. 'बॉट' म्हणजे ज्याच्या जागी यंत्र ठेवले तरी कुणाला फरक कळणार नाही असा मनुष्य. 'कॅम्पर' म्हणजे झुडपात दडून राहून बाकीच्यांनी एकमेकांना मारण्याची वाट पाहणारा. हा शब्द नसताना आमच्या तालुक्याचे राजकारण इतकी वर्षे कसे चालले, याचे मला आश्चर्य वाटले. 'नॉक' म्हणजे गोळी लागून पडलेला पण अद्याप न मेलेला. त्याला रांगता येते, लढता येत नाही, आणि हळूहळू त्याचा जीव जातो. 'रिव्हाइव्ह' म्हणजे आपल्या टोळीतल्या कुणीतरी त्याच्याशेजारी गुडघे टेकून त्याला उठवणे. कुणी नाही टेकले तर तो मरतो आणि त्याच्या जागी एक पेटी उरते. त्या पेटीतला माल जो नेईल त्याचा. ती 'लूट'. आमच्याकडे यालाच जप्ती म्हणत, फक्त पंचनामा करावा लागे.

अशा घरात स्थळ आले. ते आणले माझ्या सुनेच्या मामांनी. सोयरिकी जमवणे हा या गृहस्थांचा छंद आहे आणि जमवलेली सोयरीक पुढे कशी चालते याची विचारपूस न करणे हे त्यांचे व्रत. स्थळ शिरूर कासारकडचे होते. जमीन भरपूर, वडील पंचायत समितीचे माजी सदस्य आणि मुलगा अभियंता. दोन्हीकडची मंडळी कपिलधारला दर्शनाच्या निमित्ताने भेटली. बायकांनी मुलीकडे पाहिले, पुरुषांनी एकमेकांच्या गाड्यांकडे पाहिले, आणि नवरदेव धबधब्याकडे पाठ करून, हात उंचावून, पायऱ्यांवर रेंज शोधत फिरत राहिला.

"पोरगं लई लाजाळू हाय," मामांनी खुलासा केला.

मी रीतसर चौकशी केली. आमच्या भागात मुलाच्या चौकशीचे मुद्दे ठरलेले असतात. ज्याला ज्याला विचारले त्याने एकाच चालीवर सांगितले, "पीत न्हाई, पत्ते खेळत न्हाई, कुना बाईमानसाकडं मान वर करून बघत न्हाई." यातल्या तिसऱ्या मुद्द्याचा मी प्रत्यक्ष साक्षीदार होतो. मान वर करताना मी त्याला पाहिलेच नव्हते.

सुपारी आमच्या दारात फुटायची होती. मांडव घातला होता, दोन्हीकडची वडीलधारी मंडळी सतरंजीवर बसली होती, पाटा आणि सुपारी समोर आली होती. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे चारचौघांत सुपारी फुटली की सोयरीक पक्की. कायद्याच्या दृष्टीने त्या फुटक्या सुपारीला काडीची किंमत नाही. पण ती मोडणाऱ्या मुलीची किंमत काय होते, ते आमच्याकडे कुणालाही विचारावे.

टिळा लावायला नवरदेवाला बोलावले. नवरदेव गोठ्याच्या सावलीत खुर्चीवर बसला होता.

"दोन मिनिट! लास्ट झोन हाय!"

पंचक्रोशीतले प्रतिष्ठित लोक सुपारीकडे पाहत बसून राहिले. मामा उठून म्हणाले की जावईबापूंची कामाची ऑनलाइन मीटिंग चालू आहे. तेवढ्यात गोठ्यातून आवाज आला, "आबे रश कर ना बे, घरात घुस! पिंग लई मारतंय इथं!"

"कसल्या खात्याची मीटिंग म्हणायची ही?" मी विचारले.

नवरदेवाचे वडील मोठ्याने हसले. राजकारणात मुरलेला माणूस. हसून विषय संपवण्याची हातोटी होती. "नाझरसाहेब, पोरगं खेळतंय. पीत तर न्हाई?"

सगळी सतरंजी एकदम डोलली. पीत तर नाही! दारू न पिणे हा एवढा मोठा पराक्रम ठरला आहे की तो केलेल्या पुरुषाला बाकी सर्व कर्तव्यांतून सूट मिळते, हे त्या दिवशी मला कळले. नवरदेव शेवटी आला. एका कानात बोंड तसेच ठेवून त्याने टिळा लावून घेतला, सुपारी फुटली, जेवणे झाली, आणि हात धुताना तो आमच्या आचाऱ्याला म्हणाला, "जीजी." सामना छान झाला, असा त्याचा अर्थ असल्याचे नातीने नंतर सांगितले.

त्या संध्याकाळी मी माझ्या मुलाला बाजूला घेतले. "ज्याला स्वतःच्या सुपारीला उठता येत नाही, त्याला मुलगी देणार आहेस?"

तो म्हणाला, "आबा, सगळीच पोरं खेळतेत आता. आपली बी खेळतीच की."

दाद मागणाऱ्या पक्षाचे हात स्वच्छ असावे लागतात, आणि आमच्या पक्षाच्या हातात मोबाईल होता.

यानंतर दोन्ही घरांच्या संमतीने एक नवाच विधी सुरू झाला. पूर्वी लग्न ठरलेली मुले चोरून फोनवर बोलत. हे दोघे एका टोळीत खेळू लागले. संध्याकाळ झाली की ही इथे ओट्यावर आणि तो तिकडे शिरूरला, सोबत त्याचे दोन मित्र. सूनबाई कौतुकाने म्हणे, "वळख होतीय." मी कपाळावर हात मारून घेई. भावी पतिपत्नींनी एकमेकांना समजून घेण्यासाठी तिसऱ्यांचे खून पाडावेत, ही कल्पना माझ्या आकलनापलीकडची होती. परंतु सूनबाईचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले, हे मान्य करावे लागते. ओळख झाली.

एका संध्याकाळी, अजून उजेड होता, नातीने मोबाईल ओट्यावर पालथा घातला आणि ती माझ्या मेजापाशी येऊन उभी राहिली.

"आबा, एक कागद लिहून द्या."

"कुणाला?"

"त्यांच्या घरी. मला न्हाई करायचं हे लग्न."

मी लेखणीचे टोपण काढले नाही. बसायला सांगितले आणि कारण विचारले.

"मी नॉक झाले की तो मला उठवत न्हाई," ती म्हणाली.

मी चष्मा काढला. "हे बघ—"

"आधी ऐकून घ्या. तो शेजारीच असतो. भिंतीच्या आड. जवळपास दुश्मन कुनीच न्हाई. मी म्हनते, उठव मला. तो नुसता हुबा ऱ्हातो. मी मरेपर्यंत हुबा ऱ्हातो, आबा. मंग माझी पेटी उघडतो, आन बंदूक, गोळ्या, मलमपट्ट्या सगळं घेऊन जातो."

"चुकून झालं असेल एखाद्या वेळी."

"मला बी तसंच वाटलं हुतं. म्हनून मंग मी मुद्दाम नॉक व्हायला लागले. दर बारीला तेच. दोस्तांपैकी कुनी पडलं तर पळत जाऊन उठवतो. मी इचारलं, मला कावून न्हाई? तर हसला. म्हनला, तू बॉट हायेस गं, तुजं काय."

आता मी जे म्हणणार होतो ते कोणत्याही वडीलधाऱ्याने म्हटले असते, आणि मी म्हटलेच. "अगं, पण हा खेळ आहे."

"खेळ हाय म्हनूनच तर. इथं त्याचं काय जानार हुतं?"

मी म्हणालो की या खेळानेच तो असा झाला. माणसाच्या जिवाशी इतके तास खेळल्यावर दुसरे काय होणार. ती म्हणाली, खेळानं झाला नाही, खेळात दिसला. हा वाद आमच्यात अजून निकाली निघालेला नाही आणि माझी बाजू मी सोडलेली नाही. त्या क्षणी मात्र मी टोपण काढले.

घरात हलकल्लोळ झाला. माझा मुलगा डोक्याला हात लावून बसला. मामा दुसऱ्या दिवशी धावत आले आणि सर्व ऐकून घेतल्यावर त्यांनी अनुभवी माणसाप्रमाणे तोडगा काढला.

"येवढं काय त्यात! देवक जुळतंय म्हना. पोरीच्या आजोळाकडनं देवक एकच निघालं, आमाला आत्ता कळलं. दोनी घरची इज्जत ऱ्हाती, कुनी कुनाला बोलत न्हाई."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: देवक हे कुळाचे पूज्य चिन्ह. दोन्ही घरांचे एकच असले तर लग्न होत नाही, आणि त्यात दोष कुणाचाच नसतो. त्यामुळे आमच्या भागात नको झालेल्या सोयरिकींचे देवक सुपारीनंतरही आश्चर्यकारक वेगाने जुळते. व्यसन निघाले, देवक जुळले. कर्ज निघाले, देवक जुळले. बिचाऱ्या झाडापानांवर आम्ही किती पुरुषांची पापे ढकलली आहेत!

"खोटे कारण मी लिहिणार नाही," मी म्हणालो.

"मंग खरं काय लिव्हनार?" मुलगा चिडून उठला. "खेळात उठवलं न्हाई म्हनून लग्न मोडलं? गाव हसंल, आबा! उद्या दुसरं स्थळ येईल का पोरीला? म्हनतील, मोबाईलवरच्या भांडनावरून सुपारी मोडली हिनं."

त्याची भीती खोटी नव्हती. देवकाचे कारण दिले तर मुलगी निष्कलंक सुटत होती. खरे कारण दिले तर ती हास्यास्पद ठरण्याचा पुरेपूर धोका होता, आणि आमच्याकडे हास्यास्पद ठरलेल्या मुलीच्या दारात गाडी थांबत नाही. म्हणून मी ज्याचा हक्क त्याला विचारले. नातीला.

"खरं लिव्हा," ती म्हणाली. "देवक म्हनलं तर तो दुसऱ्या पोरीला असंच करंल, आन तिला कुनी सांगनार बी न्हाई."

मी लिहिले. इतक्या वर्षांत इतका विचित्र मजकूर माझ्या हातून उतरला नव्हता, तरी भाषेत ढिलाई केली नाही. 'आपले चिरंजीव व आमची नात हे एकाच पक्षातून खेळत असताना, आमची नात जखमी अवस्थेत पडली असता, तिला उठवणे चिरंजीवांना सहज शक्य असून, कोणताही धोका उपस्थित नसून, व तिने तशी स्पष्ट विनंती केलेली असूनही, चिरंजीवांनी तिचा अंत होईपर्यंत वाट पाहिली व तदनंतर तिच्या चीजवस्तू ताब्यात घेतल्या. सदर वर्तन एकदा नव्हे तर वारंवार घडले. मित्रांच्या बाबतीत चिरंजीवांनी असे केले नाही. सबब सदर विवाह होऊ नये असे मुलीचे मत असून ते आम्हांस मान्य आहे.' नोंदणीकृत टपालाने, पोच देय.

पोच आली आणि तिच्यापाठोपाठ गाडी आली. वडील, नवरदेव, आणि पुढच्या सीटवर मामा; दोन्ही पक्षांचे असल्याने ते कोणत्याही गाडीत बसू शकत. सूनबाईने पाणी दिले. वडिलांनी खिशातून माझे पत्र काढले आणि ओट्यावरून, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा सभेच्या आवाजात वाचले. 'चीजवस्तू' या शब्दावर ते थांबून हसले, 'सबब' या शब्दावर पुन्हा हसले.

"नाझरसाहेब, मी इतके तंटे मिटवले. बांधाचे, भावकीचे. पर मोबाईलमदी मेलेल्या पोरीचा पंचनामा पयल्यांदाच बघितला."

कुंपणापलीकडून कुणीतरी फिसकन हसले. माझा मुलगा खाली बघत होता. नात दारातच उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला दिसत होते की जे व्हायचे ते आता, याच ओट्यावर होणार.

"पत्रातले एखादे विधान खोटे असेल तर सांगावे," मी म्हणालो. "मी मागे घेईन."

"अहो, खोटं-खरं काय त्यात! खेळ हाय तो. इचारा त्यालाच." वडील मुलाकडे वळले. "काय रे? पाडून ठेवलं का तू हिला?"

नवरदेव मोबाईलवर अंगठा फिरवत म्हणाला, "मी कुठं पाडलं? दुसऱ्यानं पाडलं. मी फकस्त उठवलं न्हाई."

"मंग उठवायचं की! काय लागतं उठवायला?"

"थांबावं लागतं, पप्पा. गुडघ्यावर बसावं लागतं. तेवढ्यात कुनी आलं असतं तर मी बी गेलो असतो."

"आलं हुतं का कुनी?"

"न्हाई. पर आलं असतं तर?" आणि वडिलांना हे एवढे साधे कसे कळत नाही अशा त्रासिक सुरात तो पुढे म्हणाला, "रँक गेली असती ना माझी."

कुंपणापलीकडचे हसू थांबले. उलटतपासणी कुठे थांबवायची हे मी नोकरीत ऐकून ऐकून शिकलो होतो. वडिलांनी पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मला वाटते, त्या माणसालाही काहीतरी ऐकू आले होते. पण त्याने ते लगेच खाली दाबले आणि आवाज चढवला.

"म्हंजे तुमी येवढ्यावरनं सोयरीक मोडनार?"

उत्तर मी देणार होतो. त्याआधी माझा मुलगा उठला. कालपर्यंत देवकाच्या आड लपायला निघालेला हा माणूस आत गेला, सुपारीला आलेला शालू आणि नारळ ताटात घालून घेऊन आला आणि त्याने ते ताट पाहुण्यांसमोर ठेवले.

"येवढ्यावरनंच, पाव्हनं," तो म्हणाला. "माज्या पोरीपाशी ज्याला गुडघा टेकायचा जड जातो, त्याला मी न्हाई देत."

मामांनी "अहो पर, अहो पर" असे चार-सहा वेळा म्हणून पाहिले. कुणी लक्ष दिले नाही. चहा आला, तो सर्वांनी घेतला, कारण आमच्याकडे सोयरीक मोडली तरी चहा मोडत नाहीत. वडिलांनी कप खाली ठेवला, ताट मामांच्या हातात दिले आणि पायऱ्या उतरताना माझ्याकडे वळून शेवटचा टोला हाणला.

"दुसरं स्थळ बघताना पोराची जमीन नगा इचारू, नाझरसाहेब. रँक इचारा रँक! हिच्या तोडीचा गडी घावला पायजे ना."

"माझी त्याच्यापेक्षा वरची हाय, काका," नात दारातून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. औषधाच्या गोळ्या सकाळी घ्यायच्या की रात्री, हे गिऱ्हाइकाला सांगावे तसे तिने सांगितले.

गाडीत एक पाय ठेवलेला नवरदेव थांबला.

"कितवी?" त्याने विचारले.

कपिलधारपासून त्या दिवसापर्यंत त्याने माझ्या नातीला तिच्याविषयी विचारलेला हा पहिला प्रश्न होता. ती कपबशा उचलून आत गेली.